न उतरवलेली माळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सण संपला की माळ उतरवायची, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. दिवाळीची माळ फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत, अगदीच कुणी हौशी असेल तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. ईदची माळ ईदच्या बाशी दिवसापर्यंत. नंतर ती गुंडाळून, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून माळ्यावर. तिथं ती वर्षभर उंदरांच्या आणि धुळीच्या हवाली. पण हल्ली तुम्ही भर आषाढात, कुठलाही सण दारात नसताना, संध्याकाळी एखाद्या गल्लीतून चालत जा आणि खिडक्या मोजा. दहातल्या दोनतीन घरांच्या गॅलरीत, देवघराच्या चौकटीला, तुळशीच्या कुंडीभोवती, नाहीतर मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर बारीक दिव्यांची माळ लुकलुकताना दिसेल. ती कुणी लावायला विसरलेलं नाही आणि काढायलाही विसरलेलं नाही. ती तिथं राहायलाच आलेली आहे.

तर ही माळ घरात कायमची कशी आली, याचा थोडा मागोवा आज घेऊ. वस्तू क्षुल्लक आहे, पण तिच्यामागचा इतिहास तेवढा क्षुल्लक नाही.

विजेच्या आधीपासून सुरुवात करावी लागते. ‘माळ’ हा शब्द दिव्यांना आपण बल्ब आल्यावर जोडला, असं नाही. जेजुरीच्या गडावर जा, नाहीतर कुठल्याही जुन्या देवळाच्या आवारात जा. दगडी दीपमाळ उभी असते. तिच्या अंगावर हात बाहेर काढल्यासारखे दगडी खुंट असतात आणि प्रत्येक खुंटावर एक पणती. हीसुद्धा माळच, फक्त उभी. एका रात्री ती पेटवायची म्हणजे किती तेल, किती वाती आणि अंधारात वर चढणारी किती माणसं लागत असतील, याचा हिशेब करून बघा. तेल ही खायची वस्तू होती. घरातल्या फोडणीला जे जपून घालायचं, ते देवासाठी एका रात्रीत जाळायचं. त्यामुळे दीपमाळ रोज पेटणं शक्यच नव्हतं, आणि रोज पेटत नव्हती म्हणूनच तिची रात्र लोक पंचक्रोशीतून बघायला येत. दर्ग्यातल्या चिरागांचंही तेच. लाहोरला शाह हुसेन यांच्या दर्ग्यावर भरणाऱ्या जत्रेचं नावच ‘मेला चिरागां’, म्हणजे दिव्यांची जत्रा. वर्षातून एकदा, वसंतात.

दोरीवर टांगलेल्या दिव्यांची खरी पूर्वज मात्र मला इस्तंबूलमध्ये सापडते. तिथं रमजानच्या रात्री मशिदीच्या दोन मिनारांमध्ये दोर ताणून त्यावर तेलाचे दिवे टांगायची पद्धत सतराव्या शतकाच्या आरंभी, सुलतान अहमद पहिला याच्या काळात रुजली, असं मानलं जातं. तिला ‘माह्या’ म्हणतात. हे दिवे नुसते ओळीनं टांगत नसत. त्यातून अक्षरं आणि चित्रं तयार करत. कारागीर आधी चौकटीच्या कागदावर मजकूर आखायचा, प्रत्येक दिव्याची जागा मोजायचा, तेवढ्या लांबीवर दोरीला गाठी मारायचा आणि मग मिनारावर चढून, वारा अंगावर घेत एकेक दिवा दोरीवर सरकवायचा. खाली उभ्या माणसाला आकाशात लिहिलेलं वाक्य दिसायचं. याला दोन मिनार हवेतच. एकाच मिनाराच्या मशिदीला ही शोभा करता येत नसे. विसाव्या शतकात तेलाच्या जागी बल्ब आले, पण दोर आणि मिनार तेच राहिले. आजही हे दिवे मुख्यतः रमजानमध्येच.

आता विजेकडे येऊ. एडिसननं १८७९ च्या वर्षअखेरीस मेन्लो पार्कमध्ये आपला दिवा लोकांना दाखवला. वीज विकायची तर लोकांच्या मनातली भीती घालवायला हवी आणि हावही जागवायला हवी. हे दुसरं काम त्याच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सन नावाच्या गृहस्थानं केलं. डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात त्यानं नाताळाच्या झाडाला लाल, पांढरे आणि निळे असे ८० बल्ब हातानं तारा जोडून लावले. अक्रोडाएवढे बल्ब. झाड मोटारीवर फिरत होतं आणि दिवे रंग बदलत होते. हे बघायला त्यानं एका बातमीदाराला बोलावलं होतं. म्हणजे घरात लावलेली विजेच्या दिव्यांची पहिली गाजलेली सजावट ही मुळात जाहिरात होती. यात मला गैर काही वाटत नाही. जगातल्या कितीतरी सुंदर गोष्टी विकण्यासाठीच जन्माला आल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात ‘आयोलँथी’ नावाच्या संगीतिकेत पऱ्यांचं काम करणाऱ्या नट्यांच्या केसांत बॅटरीवर चालणारे चिमुकले दिवे चमकले होते. इंग्लंडमध्ये या माळांना आजही परीचे दिवे म्हणतात. आपल्याकडे शब्दाला एवढा नखरा नाही. आपण सरळ ‘लाइटिंग’ म्हणतो.

पण जॉन्सनचं झाड सगळ्यांना परवडणारं नव्हतं. तारा जोडायला खास वायरमन बोलवावा लागे. घरात वीज असणं हीच मुळात श्रीमंती होती. तयार जोडलेल्या माळा अमेरिकेत १९०३ च्या सुमारास विकायला आल्या, त्याही कामगाराचा आठवड्याचा पगार खर्ची पडेल अशा किमतीला. कित्येक जण त्या विकत न घेता भाड्यानं आणत. हे भाडं लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे माळेचा इतिहास म्हणजे मुख्यतः भाड्याचाच इतिहास आहे.

आपल्याकडे वीज फारशी उशिरा आली नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ मध्येच विजेचे दिवे लागले होते. तो पहिला उद्योग टिकला नाही. मुंबईला नीट वीजपुरवठा १९०५ मध्ये नवी कंपनी आल्यावर सुरू झाला. पण आपल्याकडे दिव्यांची सजावट घरातून रस्त्यावर गेली नाही, ती रस्त्यावरून घरात आली. आधी सरकारी इमारती, मग देवळं, दर्गे, मंडप, मग लग्नघरं आणि सगळ्यात शेवटी साधं घर. १५ ऑगस्ट १९४७ च्या रात्री मुंबईत रोषणाई बघायला माणसांचे लोंढे फिरत होते. पुढं कित्येक वर्षं पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला चाळीतली कुटुंबं वर्गणी काढून ट्रक ठरवायची. ट्रकमध्ये सतरंज्या, पोरंबाळं, डब्यात पुऱ्या, आणि बोरीबंदर, महापालिका, मंत्रालय असा रोषणाईचा फेरा. दिवे बघायला जायचं असायचं. दिवे आपल्याकडे येत नसत. आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत उलटं झालं. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, घरातल्या एकुलत्या बल्बचाही उजेड बाहेर जायला बंदी आली. उजेड ही सरकारनं द्यायची आणि सरकारनं काढून घ्यायची गोष्ट आहे, ही समजूत त्या पिढीच्या मनात पक्की बसली असली तर नवल नाही.

माझं बालपण मिरजेतलं. मिरज हे माळांचं गाव आहे, असं मी म्हटलं तर सतारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या माझ्या गावावर तो अन्याय होईल, पण खोटं होणार नाही. इथं मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस. इथं गणपतीच्या मिरवणुकीसाठी रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्वागत कमानी. आणि १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळे गावात ख्रिस्ती वस्ती, म्हणून डिसेंबरात दारोदारी चांदण्या. या सगळ्यांना उजेड पुरवणारे डेकोरेटर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. उरुसाला दर्ग्याच्या कमानीवर चढलेली माळ पुढच्या महिन्यात मंडपावर असायची. ती माळ कुणाची, हा प्रश्न कुणी विचारत नसे. ती डेकोरेटरची असायची.

त्या काळची माळ कशी असायची, हे आजच्या मुलांना सांगायला हवं. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि माळेतला बल्ब ६ व्होल्टचा. असे ३८ बल्ब एकामागून एक, एकाच तारेत ओवले की हिशेब बसतो. वीज पहिल्या बल्बमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी रांगेनं जाते. याला सगळे ‘सिरीज’ म्हणतात. डेकोरेटरच्या गोदामात पोरं मांडी घालून बसलेली असायची. तारेचं टोक दातानं सोलायचं, बल्बच्या पितळी बुडाला कथलाचा टाका द्यायचा, वर प्लास्टिकची रंगीत टोपी नाहीतर जिलेटीनचा कागद. हजारो टाके. आणि या रांगेतला एक जरी बल्ब उडाला की सगळी माळ अंधारात. मग शोध सुरू. हातात एक खात्रीचा चांगला बल्ब घेऊन पहिल्यापासून एकेकाच्या जागी लावून बघायचा. कधी पाचव्याला माळ उजळायची, कधी पस्तिसाव्याला. एका वेळी दोन बल्ब गेलेले असले, की त्या माणसाच्या तोंडून जे शब्द निघत ते नभोवाणीवर सांगता येणार नाहीत. लुकलुकवायची हौस असेल तर ट्यूबलाइटचा स्टार्टर रांगेत जोडून द्यायचे. मोठ्या मंडळांकडे लाकडी रूळ असायचा. त्यावर तांब्याच्या पट्ट्या, आणि मोटारीनं तो फिरला की वीज या माळेतून त्या माळेत उडी मारायची. धावणारा उजेड म्हणतात तो असा, तेलपाणी घालून, रूळ फिरवून मिळायचा. पश्चिम बंगालमधल्या चंदननगरच्या कारागिरांनी हीच विद्या एवढी पुढं नेली, की दिव्यांची हलती चित्रं रस्त्यावर उभी राहिली आणि त्या गावाचं नाव देशभर झालं.

आता एक हिशेब तुमच्यापुढं मांडतो. तापणारी तार असलेला साधा बल्ब हजारएक तास चालला तरी पुष्कळ. माळेत असे अडतीस. म्हणजे सरासरीनं दर पंचवीस-सव्वीस तासांनी एक बल्ब उडणार. रोज संध्याकाळी सहा तास माळ लावली, तर दर चार-पाच दिवसांनी सगळी माळ बंद पडणार आणि कुणीतरी स्टुलावर चढून अडतीस बल्ब तपासणार. हे वर्षभर कोण करणार? लोक म्हणतात, पूर्वी माणसं साधी होती म्हणून सणापुरते दिवे लावत. साधेपणाचा वाटा असेल, नाही म्हणत नाही. पण मोठा वाटा त्या उडणाऱ्या बल्बचा होता. त्यात आमच्याकडे विजेचं बिल अब्बा दोनदा वाचायचे. उजेड गरजेपेक्षा जास्त जाळणं हा त्यांच्या लेखी इस्राफ, म्हणजे उधळपट्टी. आणि उधळपट्टी धर्माला नामंजूर. ईदला ते एक माळ लावू द्यायचे, तीही इशाच्या नमाजनंतर दोन तास. अम्मीला माळ आवडायची. ती काही बोलायची नाही, पण बंद करायला मात्र नेहमी उशीर करायची.

मिलादच्या रोषणाईवरून आमच्यात आजही वाद आहे. काही आलिमांना ती मंजूर नाही, आणि त्यांचं म्हणणं अब्बांच्याच धाटणीचं आहे. मी अब्बांच्या बाजूचं ऐकून घेतो आणि अम्मीच्या बाजूनं मत देतो.

हा सगळा मामला बदलला तो दोन कारणांनी. पहिलं कारण बाजाराचं. १ एप्रिल २००१ पासून भारतानं शेकडो वस्तूंच्या आयातीवरची संख्येची बंधनं उठवली आणि त्याच वर्षाच्या शेवटी चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. पाठोपाठ तांदळाच्या दाण्याएवढ्या बल्बच्या चिनी माळा मुंबईच्या लोहार चाळीतून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून आमच्या बाजारापर्यंत पोचल्या. भाड्यानं आणण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त झालं. डेकोरेटरचं गोदाम घरोघरच्या पिशवीत आलं. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये या मालावर बहिष्काराची हाक उठली, तेव्हा लोकांनी माळा तपासून, उलटसुलट बघून घेतल्या, आणि घेतल्या.

दुसरं कारण विज्ञानाचं. एलईडी नावाचा दिवा तार तापवून उजेड देत नाही, त्यामुळे त्याची तार जळून तुटण्याचा प्रश्नच नाही. लाल एलईडी १९६२ मध्येच तयार झाला होता. हिरवाही आला. पण निळा काही केल्या जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा होत नाही. कारण पांढरा एलईडी म्हणजे आतून निळा आणि वरून पिवळ्या चूर्णाचा लेप. तीस वर्षं जग या निळ्या ठिपक्यासाठी अडलं होतं. जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी तो जमवला. १९९३ मध्ये नाकामुरांचा झगझगीत निळा दिवा बाहेर आला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. आज गॅलरीत जी उबदार पिवळसर माळ दिसते, तिच्या पोटात तो निळा ठिपकाच आहे. पाच वॅटची माळ रोज सहा तास लावली तर वर्षाला अकरा युनिट वीज लागते. हे अब्बांना सांगायला हवं होतं.

पण स्वस्त झालं म्हणून माणूस प्रत्येक वस्तू कायमची टांगून ठेवत नाही. माळ वर्षभर राहण्याचं एक तिसरं कारण आहे, आणि ते मला आमच्या गावात राहिल्यामुळे दिसलं. ते कारण म्हणजे पंचांग.

हिजरी महिनेही चंद्राचे आणि आपल्या पंचांगाचे महिनेही चंद्राचे. फरक एवढाच, की पंचांग दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं, आणि हिजरी वर्ष तसं करत नाही. ते दरवर्षी अकराएक दिवसांनी मागे सरकतं. म्हणून ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसात, कधी थंडीत, आणि तेहतीसएक वर्षांत तिची एक प्रदक्षिणा पुरी होते. वाटेत ती प्रत्येक सणाला भेटते. २००९ मध्ये रमजान आणि गणेशोत्सव एकाच आठवड्यात सुरू झाले. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. पुढच्या दोन्ही वर्षी त्यांच्यात एकाच दिवसाचं अंतर होतं. तिन्ही वर्षी मुंबईत मिलादचा जुलूस विसर्जनासाठी पुढं ढकलण्यात आला. जुलूस पुढं ढकलला की माळही पुढं राहते. ती उतरवेपर्यंत नवरात्र येतं, मग दिवाळी, मग चांदण्यांचा डिसेंबर. आमच्या रस्त्यावर कुठल्या माळेचा सण संपला आणि कुठल्या माळेचा सुरू झाला, हे ठरवायला एखादा पंच नेमावा लागेल. शेवटी कुणीतरी म्हणतं, राहू दे. त्या ‘राहू दे’मधून वर्षभराची माळ जन्माला आली.

२००९ चा उल्लेख आला, तर तेही सांगितलं पाहिजे. त्या सप्टेंबरात, विसर्जनाच्या तोंडावर, आमच्या गावात एका कमानीवरच्या चित्रावरून वाद पेटला, दगडफेक झाली, दंगल पसरली आणि संचारबंदी लागली. मशिदीवर रमजानच्या माळा होत्या, मंडपावर गणपतीच्या. आमच्या गल्लीच्या दोन टोकांना असलेल्या या दोन्ही माळा रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी उन्हातही चालू राहिल्या, कारण बटण बंद करायला कुणाला घराबाहेर पडता येत नव्हतं. रिकाम्या रस्त्यावर लुकलुकणाऱ्या माळा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. सणाचा उजेड माणसांशिवाय कसा दिसतो, ते वर्णन करायला मला अजून शब्द मिळालेले नाहीत, आणि मी शब्दांवरच पोट नसलं तरी नाव चालवणारा माणूस आहे.

संचारबंदी उठल्यावर दोन्ही ठिकाणच्या माळा उतरल्या. त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीत संध्याकाळ लवकर व्हायची. समोरच्या काकूंच्या गॅलरीतली गौरींसाठी लावलेली माळ मात्र तशीच राहिली. त्या म्हणाल्या, “तुमची मुलं तरावीहहून उशिरा येतात, पायऱ्यांवर उजेड पडतो.” रमजान संपला, ईद झाली. माळ काही त्यांनी काढली नाही. भारनियमनात ती रोज काही तास बंद असायची आणि वीज आली की पहिली तीच पेटायची. पुढं तिच्या जागी एलईडीची आली. आज तिला सण विचाराल तर सांगता येणार नाही.

सणाचा उजेड सणापुरताच असावा, असं म्हणणाऱ्यांकडेही एक भक्कम पुरावा आहे, आणि तो आकाशातून आलेला आहे. दर दिवाळीला भारताचं एक रंगीबेरंगी चित्र फिरत असतं, अंतराळातून दिसणारी दिवाळी म्हणून. ते दिवाळीचं नाहीच. १९९२ ते २००३ या काळात देशात उजेड कुठं कुठं वाढत गेला, हे वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा तो नकाशा आहे. २०१२ च्या दिवाळीत नासानं खरं छायाचित्र दिलं. त्यात दिवाळीचा जादा उजेड वेगळा ओळखूसुद्धा येत नव्हता. पुढं २०१४ मध्ये त्याच उपग्रहाच्या रोजच्या नोंदी ताडून नासाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अमेरिकी शहरं नाताळात २० ते ५० टक्के जास्त उजळतात आणि मध्यपूर्वेतली काही शहरं रमजानमध्ये ५० टक्क्यांहूनही अधिक. आता गंमत बघा. हा सण उपग्रहाला दिसतो तो इतर रात्रींशी तुलना करून. वजाबाकी करायला काळोख शिल्लक असावा लागतो. सगळ्या रात्री सारख्या झाल्या, तर आकाशातल्या त्या डोळ्याला सणाची तारीख कळणार नाही. दीपमाळेची रात्र बघायला पंचक्रोशी लोटत होती, त्याचंही कारण हेच होतं.

हा मुद्दा मला मान्य आहे, पण तो गॅलरीतल्या पाच वॅटच्या माळेपेक्षा रस्त्यांना जास्त लागू पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये सुशोभीकरणाच्या नावाखाली मुंबईत खांबाखांबावर रंगीत दिवे चढले, झाडांच्या बुंध्यांना माळा गुंडाळल्या गेल्या. झाडांवरच्या या दिव्यांचा प्रश्न २०२४ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नंतर मुंबई महापालिकेनं ते काढायच्या सूचना दिल्या. झाडाला रात्र लागते, पाखरांना लागते, किड्यांना तर लागतेच. राजमाची, भंडारदरा या बाजूला पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये काजव्यांनी झाडं भरतात. नर लुकलुकतो, मादी त्याला लुकलुकून उत्तर देते. अख्खं झाड पेटल्यासारखं दिसतं ते या बोलण्यामुळे. जवळ माणसानं दिवे लावले की त्यांचं बोलणं एकमेकांना दिसेनासं होतं. काजवे बघायला बोलावणाऱ्या एखाद्या रिसॉर्टनं झाडांना माळा गुंडाळाव्यात, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. घराच्या आत, खिडकीच्या चौकटीवर माळ असावी. झाडावर नसावी. माझ्यापुरता निवाडा एवढाच.

कवी लोकांनी या माळेकडे अजून ढुंकून पाहिलेलं नाही, हेही जाता जाता नोंदवतो. पणती, समई, चिराग, शमा यांच्यावर मराठीत आणि उर्दूत किती लिहिलं गेलं, मोजदाद नाही. कवींना दिवा एकटा लागतो, वाऱ्याशी झुंजणारा लागतो. अडतीस जणांच्या रांगेत हात धरून उभा असलेला, शेजारी विझला की आपणही विझणारा दिवा कुणाला सुचला नाही. आणि आता तर तोही गेला. एलईडीच्या माळांची जोडणी वेगळी असते. त्यातला एखादा दिवा मेला तरी बाकीचे बहुतेक वेळा चालू राहतात. माळ पुरती बिघडलीच तर दुरुस्त करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आमच्या गावातले एक जुने डेकोरेटर आहेत. वय झालं, धंदा मुलाच्या हातात. तो मीटरवर मोजून पट्टी विकतो. म्हाताऱ्यानं परवा गोदाम रिकामं करताना पोत्यांत भरलेल्या जुन्या सिरीज भंगारात काढल्या. तांब्याच्या तारेला किलोवर भाव मिळाला, टोप्या आणि बल्ब कचऱ्यात गेले. मी गेलो होतो तेव्हा एक पोतं राहिलं होतं. त्यातली एक माळ काढून त्यांनी सहज प्लगमध्ये घातली. लागली नाही. “बसा,” म्हणाले, आणि खिशातून एक बल्ब काढून मांडी घालून पहिल्यापासून सुरुवात केली. चहा आला, थंड झाला. एकोणिसाव्या बल्बला माळ लागली.